पाऊस नसताना वाहणारी मिठी : एका नदीतील सांडपाण्याचे प्रकरण

एप्रिल महिन्यात कुर्ल्याजवळच्या कोणत्याही पुलावर थोडा वेळ उभे राहिले, तर खाली मिठी नदी वाहताना दिसते. साधे वाटणारे हे दृश्य खरे तर बुचकळ्यात टाकणारे आहे. मुंबईत शेवटचा पाऊस पडून तोवर सहा महिने उलटलेले असतात. मिठीचा उगम विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांपाशी होतो, आणि हे तलाव भरून वाहतात ते फक्त पावसाळ्यात. म्हणजे उन्हाळ्यात ही नदी जवळजवळ कोरडी असायला हवी. प्रत्यक्षात मात्र तिच्यात काळसर, फेसाळ पाणी अखंड वाहत असते, आणि भरतीचा प्रभाव जिथे पोहोचत नाही त्या वरच्या टप्प्यात या प्रवाहाला घड्याळ असते : सकाळची आंघोळ-धुणी आटोपली की तो वाढतो आणि मध्यरात्रीनंतर रोडावतो. पावसाच्या पाण्याला असे घड्याळ नसते, ते असते माणसांच्या वापरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला.

अभियंत्यांच्या भाषेत या प्रवाहाला ‘कोरड्या हंगामातील प्रवाह’ म्हणतात. निविदांमध्ये आणि अहवालांमध्ये हाच शब्द येतो. त्यात चुकीचे काही नाही, परंतु तो इतका निरुपद्रवी आहे की तो वाचून कोणाला नाक मुरडावेसे वाटत नाही. या लेखात जिथे शक्य आहे तिथे मी त्याला सांडपाणीच म्हणणार आहे, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा या नावातच आहे. ज्या शहराकडे सुमारे २,००० किलोमीटर लांबीच्या मलनिःसारण वाहिन्या आहेत, त्या शहराचे सांडपाणी नदीत का वाहते, आणि ते बाहेर काढण्यासाठी जो उपाय चालू आहे तो नेमके काय सोडवतो, हे पाहणे एवढाच या अभ्यासाचा विषय आहे.

मुंबईत पावसाच्या पाण्यासाठी एक आणि सांडपाण्यासाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत. युरोपातील अनेक जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच भुयारातून जाते. इथे निदान कागदावर तरी तसे नाही. संडास-मोरीचे पाणी इमारतीच्या घरगल्लीतील किंवा आवारातील चेंबरमध्ये उतरते, तिथून रस्त्याखालच्या वाहिनीत, पुढे मोठ्या वाहिनीत आणि शेवटी उदंचन केंद्रात पोहोचते. उदंचन केंद्र म्हणजे पंपिंग स्टेशन. शहर सपाट आणि समुद्रसपाटीच्या जवळ असल्यामुळे वाहिनी उताराने जात-जात खोल होत जाते, आणि एका मर्यादेनंतर पाणी पंपाने वर उचलण्यावाचून गत्यंतर नसते. वाहिनीत गाळ बसू नये यासाठी पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग मिळावा असा संकेत आहे. तेवढा उतार मिळाला नाही की वाहिनी हळूहळू तुंबते, आणि तक्रार येते तेव्हा ती ‘चोक-अप’ या एकाच शब्दाने नोंदली जाते.

या व्यवस्थेसाठी शहराचे कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर असे सात विभाग पाडलेले आहेत. मिठीच्या खालच्या खोऱ्याशी सर्वात जवळचा संबंध वांद्रे विभागाचा. वांद्र्याच्या केंद्रात आजवर सांडपाण्यावर फक्त प्राथमिक संस्कार होत आले : जाळीवर कचरा अडवायचा, रेती-खडे खाली बसू द्यायचे, आणि उरलेले पाणी समुद्राखालील बोगद्यातून सुमारे साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडायचे. वरळीलाही अशीच योजना आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई मलनिःसारण प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात ही कामे उभी राहिली. यावर आज सरसकट टीका होते, पण त्यामागे एक हिशेब होता हे मान्य केले पाहिजे. खोल पाण्यात, अनेक तोंडांतून विखरून सोडलेले सांडपाणी लगेच विरळ होते, आणि खारट पाणी व सूर्यप्रकाश यांमुळे त्यातील जंतू बऱ्याच प्रमाणात मरतात. किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत ते पोहोचेतो त्याचा उपद्रव कमी झालेला असतो, असे ते गणित.

परंतु हे गणित वाहिनीत शिरलेल्या पाण्यालाच लागू पडते. मिठीतून माहीमच्या खाडीत येणारे सांडपाणी कोणत्याही जाळीतून गेलेले नसते, ते कोणत्याही बोगद्यातून दूर नेले जात नाही, आणि ते थेट किनाऱ्याला, तिवरांच्या मुळांशी, कोळीवाड्याच्या समोर येऊन मिळते. एकाच शहरातले अर्धे पाणी साडेतीन किलोमीटर आत नेण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्चायचे आणि उरलेले दारातच सोडायचे, असा हा प्रकार आहे. ‘अर्धे’ हा शब्द इथे मोजमाप म्हणून नाही, केवळ बोलण्याच्या ओघात आलेला आहे.

हे पाणी नाल्यात कुठून येते, या प्रश्नाचे शहरातील सर्वसाधारण उत्तर एका शब्दाचे असते : झोपडपट्टी. ते उत्तर सोयीचे आहे आणि काही अंशी खरेही आहे. मिठीच्या काठाने मरोळ, साकीनाका, जरीमरी, बैलबाजार, कुर्ला इथे दाट वस्ती आहे. अरुंद गल्ल्यांत मलवाहिनी टाकायला खोदाईची जागा नसते, जमिनीची मालकी वादात असते आणि उतार मिळत नाही. सार्वजनिक शौचालयाला शोषटाकी, म्हणजे सेप्टिक टँक असते, ती भरली की वरचे पाणी शेजारच्या नाल्यात जाते. मोरीचे पाणी तर बहुतेक वेळा सरळ गटारातूनच उतरते.

तरीही थोडी आकडेमोड करून पाहावी. मुंबईत झोपडपट्टीतील माणसामागे दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतील माणसामागे १३५ लिटर पाणी, असे पुरवठ्याचे प्रमाण धरले जाते. दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते, हा अभियांत्रिकीतला रूढ अंदाज. म्हणजे वस्तीतला माणूस दिवसाला ३६ लिटर सांडपाणी देतो आणि इमारतीतला १०८ लिटर. मिठीला मिळणाऱ्या बापट नाला आणि सफेद पूल नाला या दोनच नाल्यांचे पाणी वळवण्यासाठी जी योजना आखली गेली, तिची क्षमता दिवसाला १६८ दशलक्ष लिटर आहे. ३६ लिटरच्या हिशेबाने हे पाणी होते सुमारे ४७ लाख माणसांचे. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण बृहन्मुंबईची झोपडपट्टीतील लोकसंख्याच सुमारे ५२ लाख होती. योजनेची क्षमता म्हणजे आजचा प्रवाह नव्हे, तिच्यात भविष्यासाठी वाढ धरलेली असते, आणि प्रत्यक्ष वापर कागदावरच्या प्रमाणापेक्षा वेगळा असू शकतो, हे सगळे मान्य. पण एवढी सूट देऊनही दोन नाल्यांचा भार केवळ वस्त्यांच्या माथी मारता येत नाही. त्यात अशा इमारतींचे पाणी आहे ज्यांचे चेंबर मलवाहिनीऐवजी पर्जन्य जलवाहिनीला जोडलेले आहे. त्यात लहान कारखान्यांचे, तेलाचे पिंप धुणाऱ्यांचे, गॅरेजचे आणि तबेल्यांचे पाणी आहे. आणि तुंबलेल्या मलवाहिनीतून उफाळून रस्त्याच्या कडेच्या जाळीत उतरणारे पाणी आहे, जे कोणी मुद्दाम सोडलेले नसते.

हे शेवटचे पाणी मला सर्वात बोलके वाटते, कारण ते दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीतून वाहते. मुंबईत मलवाहिन्यांची देखभाल मलनिःसारण प्रचालन खाते पाहते, नवी केंद्रे मलनिःसारण प्रकल्पाचे खाते बांधते, नाले पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे असतात, आणि वस्तीतील शौचालयांचा बराच कारभार घनकचरा व्यवस्थापनाकडे. एकाच मोरीतून निघालेले पाणी समुद्राला मिळेपर्यंत तीन-चार खात्यांच्या हद्दी ओलांडते. मलवाहिनीत असताना ते सांडपाणी असते, नाल्यात उतरताच ते पर्जन्य जलवाहिनीतील प्रवाह होते. नाल्याच्या खात्याची जबाबदारी पावसाळ्यात पाणी अडू न देण्याची आहे. उन्हाळ्यात त्यातून काय वाहते, हे त्याच्या कामाच्या यशाचे माप कधीच नव्हते. आपापल्या कामात प्रत्येक जण चोख असला तरी पाणी घाणच राहील, अशी ही रचना आहे.

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मिठीकडे शहराचे लक्ष वेधले गेले. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, आणि सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या या नदीचे काम दोन यंत्रणांत वाटले गेले : वरचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे आणि खाडीकडचे सुमारे ६ किलोमीटर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. नदी रुंद झाली, खोल झाली, काठाला भिंती उभ्या राहिल्या, हजारो झोपड्या हलवल्या गेल्या. पुराच्या दृष्टीने याचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. पण भिंत बांधताना तिच्यातून बाहेर डोकावणारे पाइप तसेच राहिले. पूर आणि सांडपाणी हे एकाच नदीचे दोन आजार आहेत, आणि त्यांपैकी ज्याने एका दिवसात शेकडो माणसे मारली त्यावर आधी उपचार झाले, इतकाच त्याचा अर्थ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा पवई ते धारावी हा मिठीचा पट्टा सर्वात वाईट, म्हणजे पहिल्या प्राधान्याच्या गटात होता.

मधल्या काळात मिठीवर नियमित खर्च झाला तो गाळ काढण्यावर. दरवर्षी पावसाळ्याआधी नाले आणि नदी यांतला गाळ काढला जातो, टक्केवारी जाहीर होते, आणि मे अखेरीस पाहणी दौरे होतात. मिठीतील गाळाच्या कामांत गैरव्यवहार झाल्याच्या आरोपांचा तपास २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने हाती घेतला. त्या आरोपांचे जे व्हायचे ते होईल, पण इथे मुद्दा वेगळा आहे. या गाळाचा मोठा भाग हा सांडपाण्यातूनच बसलेला असतो. सांडपाणी येत राहते तोवर गाळ बसत राहणार, आणि तो काढण्याचे कंत्राटही दरवर्षी निघत राहणार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण अशाच कामासाठी झाली असावी.

आता उपायाकडे. मिठीच्या प्रदूषणावरचे काम चार भागांत आखले गेले. पहिल्या भागात फिल्टरपाड्याजवळ दिवसाला ८ दशलक्ष लिटरचे छोटे प्रक्रिया केंद्र, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत नदीकाठाने सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्या, भिंती आणि भरतीचे पाणी रोखणारे दरवाजे, आणि चौथ्या भागात वर उल्लेखिलेली दोन नाल्यांचे पाणी वळवण्याची १६८ दशलक्ष लिटरची योजना, म्हणजे एक बोगदा. हा चौथा भाग सर्वात रोचक आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाला इथून धारावीपर्यंत जमिनीखालून सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा, आतून २.६ मीटर व्यासाचा बोगदा, आणि त्याच्या टोकाला धारावीत दिवसाला ४१८ दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे मलजल प्रक्रिया केंद्र.

नाल्यातले पाणी बोगद्यात घेण्याची युक्ती सोपी आहे. नाल्यात आडवा, बुटका बांध घालायचा. कोरड्या दिवसांत सांडपाणी बांधामागे तुंबून बाजूच्या तोंडातून जाळीमार्गे खाली उतरते. पाऊस आला की पाणी बांधावरून उसळून नेहमीच्या वाटेने नदीत जाते. सगळे कौशल्य बांधाच्या उंचीत आहे. तो जरा बुटका झाला तर सकाळच्या गर्दीच्या वेळचे सांडपाणी वरून निसटते, आणि जरा उंच झाला तर पहिल्या मोठ्या पावसात वरच्या वस्तीत पाणी चढते. त्यात मुंबईचा नाला म्हणजे केवळ पाणी वाहणारी वाट नव्हे. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्मोकोल, नारळ, गाद्या, देवाचे निर्माल्य, सगळे त्यातून येते. जाळी दिवसातून किती वेळा साफ होते, यावर बोगद्याचे यश अवलंबून राहणार आहे, आणि हे काम उद्‌घाटनाच्या दिवशी कोणाच्या डोळ्यांपुढे नसते.

पुढचा प्रश्न प्रक्रिया केंद्रातला. नव्या केंद्रांत सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खाणाऱ्या जिवाणूंकडून शुद्धीकरण करवून घेतले जाते. त्यांना हवा द्यावी लागते, आणि त्यांचे खाणे बऱ्यापैकी एकसारखे असावे लागते. घरगुती सांडपाणी त्यांना मानवते. कारखान्याचे आम्ल, पिंप धुतलेले तेल किंवा भरतीसोबत शिरलेले खारे पाणी त्यांना मानवत नाही. मलवाहिनीतून येणाऱ्या पाण्यात हा धोका मर्यादित असतो, कारण जोडणी कोणाची हे माहीत असते. नाल्यातून उचललेल्या पाण्याला असा दाखला नसतो. साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यातून रात्री कोणी काय ओतले, हे धारावीच्या टाकीतल्या जिवाणूंना आधी कळणार आणि अभियंत्यांना नंतर.

हे केंद्र इतके उशिरा का आले, तेही सांगायला हवे. मलनिःसारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा आराखडा २००२ च्या सुमाराचा. त्यानंतर बराच काळ निविदा निघत आणि गुंडाळल्या जात राहिल्या, आणि त्यातील एक कारण म्हणजे शुद्ध केलेले पाणी किती शुद्ध असावे याचे निकषच हलत राहिले. २०१५ च्या मसुद्यात जैविक प्राणवायू मागणीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू ओढते या मापाची, मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम होती, ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी ती २० झाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती पुन्हा १० वर आणली. हा आकडा बदलला की टाक्यांचा आकार, जागा, विजेचा वापर आणि खर्च सगळेच बदलते. निकष कडक असावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण तो एकदाच ठरला असता तर काही वर्षे वाचली असती. अखेर वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथल्या सात केंद्रांचे भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. धारावीसाठी महापालिकेने २०२७ ची मुदत जाहीर केली.

या उपायावर माझा आक्षेप नाही, पण त्याच्या अर्थाबद्दल स्पष्टता हवी. नाल्यात बांध घालून पाणी उचलणे म्हणजे नाला हीच मलवाहिनी आहे हे मान्य करणे. जोवर घराघरांतून वाहिनी पोहोचत नाही तोवर ते मान्य करण्यावाचून इलाजही नाही; वस्तीतली प्रत्येक मोरी जोडून होईपर्यंत नदीने थांबावे, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. धोका वेगळाच आहे. एकदा बोगदा चालू झाला आणि कुर्ल्याच्या पुलाखालचे पाणी निवळले, की चुकीच्या जोडण्या शोधण्याची घाई कोणालाच उरणार नाही. ज्या सोसायटीचे चेंबर पर्जन्य जलवाहिनीला जोडलेले आहे, तिचे पाणी शेवटी शुद्धच होणार असेल, तर तिला नोटीस का द्यायची? आणि मग पावसाळ्याचे चार महिने, जेव्हा बांधावरून पाणी वाहते, तेव्हा हे सारे पुन्हा नदीतच जाणार. भरतीच्या वेळी तेच पाणी सखल भागातल्या घरांत शिरते, आणि पायाला जखम असलेल्या माणसाला त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य ताप होऊ शकतो. कोरड्या हंगामासाठी आखलेला उपाय नावाप्रमाणेच कोरड्या हंगामापुरता आहे.

एक गोष्ट या सगळ्या आराखड्यांत क्वचितच येते. शोषटाक्या उपसणे आणि तुंबलेले मॅनहोल मोकळे करणे हे काम आजही माणसे करतात. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो, तो जास्त असला की त्याचा वाससुद्धा कळेनासा होतो, आणि आत उतरलेला माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने अशा कामावर बंदी आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. महापालिकेकडे गाळ खेचणारी, पाण्याच्या दाबाने वाहिनी मोकळी करणारी यंत्रे आहेत, पण ती रुंद रस्त्यावर चालतात. मिठीकाठच्या ज्या गल्लीत दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, तिथल्या शौचालयाची टाकी उपसायला खाजगी माणूसच बोलावला जातो. म्हणजे मलवाहिनीची जोडणी हा त्या गल्लीसाठी केवळ नदीचा प्रश्न राहत नाही.

म्हणून या प्रकरणात पुढे मोजायचे काय, तर माझ्या मते दोन गोष्टी. बापट नाला आणि सफेद पूल नाला यांच्या बांधांमागून एप्रिलमध्ये रोज किती पाणी बोगद्यात जाते ही पहिली, आणि त्या दोन नाल्यांच्या खोऱ्यातील किती शौचालये, किती इमारती आणि किती गाळे त्या वर्षात मलवाहिनीला जोडले गेले ही दुसरी. दुसरा आकडा वाढला तर पहिला दरवर्षी घटला पाहिजे. बोगद्यात घेतले जाणारे पाणी वर्षागणिक वाढत गेले, तर धारावीचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालत असल्याची बातमी छापून येईल, आणि त्याच वेळी मरोळच्या गल्लीत शोषटाकीचे झाकण उघडायला कोणीतरी दोर घेऊन उभे असेल.